बयजाच्या हातचं कुंकू

ऐक तांबडाई, तुझी कहाणी. तू मंगळवारची, तू उंबऱ्यावरची, तू कपाळावरची. बायांनो, हातात अक्षता घ्या, आणि मागं बसलेल्यांनी कुजबूज थांबवा. घरी जाऊन बोला काय बोलायचं ते.

एक नगर होतं आटपाट. तिथं एक राजा होता, पण तो असून नसल्यासारखा. एक लढाई संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. राणी घरी एकटी. तिचं नाव हौसाराणी. एकट्या बाईनं जीव कशात रमवावा? कुणी देवात रमवते, कुणी मुलांत रमवते, कुणी शेजारणीच्या चौकशीत रमवते. हौसाराणीनं रमवला तांबड्या रंगात. नेसायचं तांबडं, चोळी तांबडी, पायाला अळता, तोंडात विडा. लोक म्हणत, राणी शोभते हो! आणि शोभायचीही.

मग काय झालं? चैत्र आला. राणीनं महालात चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. नगरातल्या झाडून साऱ्या सवाशिणी आल्या. सणाचा दिवस, त्यांनीही ठेवणीतलं काढलेलं. कुणी डाळिंबी नेसली, कुणी कुसुंबी नेसली, कुणी शेंदरी नेसली. राणी मधोमध बसली. तेवढ्यात परगावची एक म्हातारी पन्हं पिता पिता शेजारणीला म्हणाली, "अगं, यातली राणी कोणती?" म्हातारीला ऐकू कमी यायचं, म्हणून बोलली ती मोठ्यानं. साऱ्यांनी ऐकलं. कुणी पदर तोंडाला लावला, कुणी खाली बघितलं, एक तर फिस्सकन हसली. राणीच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. "ऐका हो ऐका! आजपासून जे जे तांबडं, ते ते राणीसरकारचं. ज्याच्या घरी असेल त्यानं महालात आणून द्यावं. ठेवील त्याची गय नाही हो!"

मग शिपाई घरोघर फिरले. शालू नेले, बांगड्या नेल्या, करंडे उपडे करून कुंकू नेलं. माळ्यांनी जास्वंदीच्या कळ्या खुडल्या. मिरच्या हिरव्या असतानाच तोडायच्या असं ठरलं. कोंबड्यांच्या तुऱ्याला राख फासली. हसू नका गं, खरंच फासली. कोंबडे बिचारे आरवायचे विसरले. एक म्हसोबाच्या धोंड्यावरचा शेंदूर तेवढा राहिला, कारण खरवडायला एकही शिपाई धजेना. कुंकू करणारे कारागीर होते, त्यांनी उखळ-मुसळ गाडीत घातलं आणि दुसऱ्या राज्यात निघून गेले.

आता तुम्ही म्हणाल, जळो मेलं, रंगच तो! तांबडं नाही तर निळं नेसू. नेसल्या की. निळं नेसल्या, हिरवं नेसल्या, पिवळं नेसल्या. पण कुंकवाचं काय करता? घरी आलेल्या सवाशिणीला कुंकू लावल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायचा नाही, ही आपली रीत. घरात साखर नसली तर गुळाचा खडा देता येतो. दूध नसलं तर ताक देता येतं. कुंकू नसलं तर काय देणार? तोंडभरून ये म्हणायचं आणि जाताना तशीच घालवायची? त्यापेक्षा कुणाला बोलवूच नये, असं एकीनं ठरवलं. मग दुसरीनं ठरवलं. मग तिसरीनं ठरवलं.

त्या नगरात अनशी नावाची एक बाई होती. तिची थोरली बहीण परगावाहून तिला भेटायला आली. अनशीनं तिला वेशीशी येताना बघितलं आणि दार लोटून घेतलं. बहिणीनं कडी वाजवली, "अनशे, अगं मी आलेय." अनशी आतून बोलेना. दोघी दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहून रडल्या. मग बहीण आल्या वाटेनं परत गेली. असं घरोघर झालं. दारं लागली, ओट्या ओस पडल्या, लग्नं अडली. अनशीची लेक वेणू, तिचं लग्न ठरलेलं, तेही राहिलं. कुंकवाशिवाय नवरी कुणी बोहल्यावर उभी केलीय का कधी?

बरं, राणी तरी सुखात असावी! तिनं सारं तांबडं महालात भरलं. भिंती डाळिंबी, छत किरमिजी, पडदे शेंदरी, गालिचा कुसुंबी, फरशी विटकरी. गुंजेचा तांबडा, तोंडल्याचा तांबडा, जांभ्या दगडाचा तांबडा, काही म्हणून राहिलं नाही. मग ती तांबडं नेसून तांबड्या गादीवर बसली, आणि दिसेनाशी झाली. अहो, तांबडं दिसतं कशामुळं? शेजारी हिरवं पान असतं म्हणून जास्वंद दिसते. खाली पांढरा भात असतो म्हणून लोणच्याची फोड दिसते. सगळंच तांबडं केलं तर दिसायचं काय, कपाळ? दासी पाण्याचा तांब्या घेऊन यायची आणि राणीलाच अडखळायची. एकदा राजा दोन दिवसांसाठी घरी आला. दारात उभा राहून त्यानं हाक मारली, "हौसा, कुठं आहेस?" ती समोरच बसली होती. "इथं आहे," ती म्हणाली. राजानं डोळे चोळले, "बाई गं, इथं डोकं दुखतंय माझं," म्हणाला आणि छावणीत झोपायला गेला. राणीनं डोळे मिटले तर तिला सगळीकडं हिरवं हिरवं दिसायचं. उघडले की पुन्हा तांबडं. बोलायला कुणी नाही, बसायला कुणी नाही. पण चूक झाली म्हणेल ती राणी कसली!

आता ऐका, त्याच नगरात, कुंभारआळीच्या टोकाला बयजा राहत होती. तिचा नवरा कुंकू करायचा. दोघं मिळूनच करायची. तो कुटायचा, ती चाळायची. मग तो देवाघरी गेला. लोक म्हणाले, पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हातचं कुंकू कसं घ्यावं? बयजानं उखळ पालथं घातलं. हळकुंडं विकायची, एक वेळ भाकरी थापायची आणि ओटीवर बसून रस्त्याकडं बघायचं. तिला हळदीकुंकवाचं बोलावणं नाही, बारशाचं नाही, डोहाळजेवणाचं नाही. बोलावणं करत फिरणाऱ्या बाया तिच्या ओटीपाशी आल्या की भराभर पाय उचलायच्या. बयजा विचारायची, "कोण गं?" कुणी उत्तर द्यायचं नाही. अशी किती वर्षं गेली, ती मोजायचंही तिनं सोडून दिलं होतं.

मग एके दुपारी काय झालं? अनशीला घर खायला उठलं. ती सुपात तांदूळ घेऊन बाहेर पडली. ह्या दारी जावं तर ती लाजेल, त्या दारी जावं तर ती लाजेल. चालत चालत बयजाच्या ओटीशी आली. इथं बसायला काही अडचण नव्हती. बयजानं कुणाला कुंकू लावायचंच नव्हतं, मग ते नसल्याची लाज तरी कुणाला? साऱ्या नगरात खुशाल जाता येईल असं ते एकच घर उरलं होतं.

"बयजाकाकू, जरा बसू का?"

"बस की. ओटी काय पळून जातेय!" बयजा म्हणाली. मग पाणी आणते म्हणून आत गेली आणि रांजणाशी उभी राहून रडली. तोंड धुतलं, तांब्या भरला, बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी अनशी आली आणि वेणूला घेऊन आली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आल्या. मग कुणी वाती वळायला आली, कुणी गोधडी शिवायला आली, कुणी नुसतीच सासूची गाऱ्हाणी सांगायला आली. बयजाची ओटी भरली. इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं, ते बाहेर पडायला लागलं. काय बोलायची म्हणता! बायांची हसून हसून पोटं दुखायची. वेणू तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची, बयजा तिच्या केसांतून हात फिरवायची. रोज सकाळी उठून ती ओटी सारवायची आणि मनात म्हणायची, राणीसरकार, तुम्ही शंभर वर्षं जगा.

मग तांबडाईनं काय केलं? म्हातारीचं रूप घेतलं, हातात काठी घेतली आणि मंगळवारी नगरात आली. पहिल्या दारी गेली. "बाई, पाहुणी आलेय, कुंकू लाव." आतून कडी लागली. दुसऱ्या दारी गेली. "बाई, पाहुणी आलेय, कुंकू लाव." आतून कडी लागली. तिसऱ्या दारीही तेच. मग बयजाच्या ओटीवर आली. बाया घरी गेल्या होत्या. वेणू तेवढी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"लेकी, पाहुणी आलेय. कुंकू लाव."

बयजा म्हणाली, "आजी, नगरात कुंकू नाही. असतं तरी मी लावलं नसतं. माझा हात चालत नाही."

"हाताचं मग बघू. करता येतं का?"

"येतं."

"मग करत का नाहीस? हळद आहे, लिंबं आहेत, खार आहे. पिवळ्यावर काही राणीची बंदी नाही."

बयजा म्हणाली, "आजी, खरं सांगू? शिक्षेला मी भीत नाही. पण कुंकू झालं की ह्या साऱ्या जणी एकमेकींकडं जायला लागतील. माझ्या ओटीवर पुन्हा कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. इतक्या वर्षांनी माणसं आलीत माझ्याकडं. मी नाही करणार."

म्हातारी म्हणाली, "जातील खऱ्या. मी खोटं कशाला सांगू? पण ती पोर बघ. तिलाही तुझ्या ओटीवर बसवून म्हातारी करणार का?"

बयजाला राग आला. "तू कोण गं मला विचारणारी?"

"मी दर मंगळवारी फिरणारी. ऐक, तुला वसा सांगते. मंगळवारी न्हावं, हळद कुटावी, कुंकू करावं. होईल तेवढं वाटावं. कुणाला विकू नये, कुणाला नाही म्हणू नये. उतू नको, मातू नको, घेतलास तर टाकू नको."

"आणि फळ काय?"

"एवढ्यात फळाची घाई कशाला?" म्हातारी म्हणाली, काठी टेकत आळीच्या वळणापर्यंत गेली आणि नाहीशी झाली.

बयजानं वेणूकडं बघितलं. वेणू म्हणाली, "काकू, लग्नासाठी आणलेल्या डाळीला कीड लागली. आई काल निवडत होती. निवडता निवडता रडायला लागली." बयजा उठली, आत गेली आणि पालथं उखळ सरळ केलं.

मग तिनं हळकुंडं फोडली. लिंबं पिळली, रसात टाकणखार घातला. त्यात हळकुंडांचे तुकडे भिजत घातले. पिवळे होते ते केशरी झाले, केशरी होते ते तांबडे झाले. सावलीत वाळवले, कुटले, वस्त्रगाळ केले. बोटांना रंग चढला. नवरा गेल्यापासून तिची बोटं तांबडी झाली नव्हती. ती हात मांडीवर ठेवून बराच वेळ तशीच बसून राहिली.

मग घरोघर गेली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, द्रोण आत सरकवला. "घ्या बाई. माझ्या हातचं आहे खरं, पण दुसऱ्या कुणाच्या हातचं मिळायचं नाही." बायांनी आधी इकडं तिकडं बघितलं. मग घेतलं. गरज पडली की रीतभात जरा बाजूला सरकतेच, तुम्हाला आम्हाला माहीतच आहे. कपाळं तांबडी झाली. अनशी धावत वेशीपर्यंत गेली आणि बहिणीला निरोप धाडला, ये म्हणून.

शिपायांनी बघितलं, राणीला सांगितलं. राणीनं बयजाला बोलावलं. बयजा गेली, तर समोर नुसती तांबडी भिंत. भिंत बोलली, "सारं तांबडं मी आणलं. तू कुठून आणलंस?"

"हळदीतून काढलं, राणीसरकार."

"का काढलंस? तुला ते लावता येत नाही. तुझा फायदा काय?"

"फायदा कसला, तोटाच आहे. कुंकू नव्हतं तोवर बाया माझ्याकडं यायच्या. आता यायच्या नाहीत."

राणीनं हळूच विचारलं, "यायच्या? येऊन काय करायच्या गं?"

"काय करणार? तांदूळ निवडायच्या, बोलायच्या, हसायच्या."

"माझ्याकडं कुणी येत नाही," राणी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. भिंतीतून हुंदके येताहेत असं बयजाला वाटलं. रडण्याच्या रोखानं ती गेली, चाचपडून राणीचा हात धरला. "चला, बाहेर चला आधी. इथं बसून देवसुद्धा वेडा होईल."

तिनं राणीला परसात आणलं. तिथं केळी होत्या, तुळस होती, मागं चुन्याची पांढरी भिंत होती. बयजानं द्रोण पुढं केला. "माझा हात चालत नाही. तुम्हीच लावून घ्या." राणीनं बोट बुडवलं, कपाळाला टेकवलं आणि हौदाच्या पाण्यात बघितलं. हिरव्या केळीपुढं, पांढऱ्या भिंतीपुढं, कपाळावर तांबडा टिळा आणि त्याखाली तिचं स्वतःचं तोंड. किती दिवसांनी ती स्वतःला दिसली होती! "मी वाळले गं," ती म्हणाली.

मग राणीनं बंदी उठवली. शालू परत गेले, बांगड्या परत गेल्या, जास्वंदी फुलल्या, कोंबडे आरवले. दारं उघडली. ही तिच्याकडं गेली, ती हिच्याकडं आली. सगळीकडं ये-जा, ये-जा. नगर कसं गजबजून गेलं.

आणि बयजाच्या ओटीवर? पहिल्या दुपारी कुणी आलं नाही. तिला वाटलं, कामात असतील. दुसऱ्या दुपारी कुणी आलं नाही. तिला वाटलं, पाहुणे असतील. तिसऱ्या दुपारी तिनं मनाची समजूत घातली नाही. मंगळवारी न्हायची, कुंकू करायची, दारोदार द्रोण ठेवायची. बाया द्रोण उचलायच्या आणि दार लावायच्या. ती उतली नाही, मातली नाही, घेतला वसा टाकला नाही. पण रडली. फार रडली. देवीला म्हणाली, "तू खोटं सांगितलं नाहीस, एवढं मात्र खरं."

मग वेणूचं लग्न निघालं. कुंकू बयजाचं, हळद बयजाची, बोलावणं मात्र नाही. अनशी दारावरून गेली ती मान खाली घालून. सनई वाजली, मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या. बयजानं घरात बसून सारं ऐकलं. तिला भाकरी करायचीही इच्छा होईना.

मग वरात निघाली. पुढं वाजंत्री, मागं पालखी, पाहुण्यांत खुद्द हौसाराणी. वरात कुंभारआळीतून चालली तशी बयजानं दार लोटून घेतलं. नव्या नवरीच्या वाटेत आपलं तोंड नको म्हणाली. पण वेणूनं पालखी थांबवली. उतरली, ओटीवर चढली आणि दार ढकललं.

"काकू, सगळ्यांनी लावलं. तू राहिलीस. मला कुंकू लाव."

अनशी ओरडली, "वेणे, अगं अपशकुन! माघारी फीर!"

वेणू म्हणाली, "आई, कपाळभर तिचंच कुंकू आहे. ते चालतं, आणि तिचं बोट चालत नाही?"

सगळ्यात जास्त भ्याली ती बयजाच. हात पाठीमागं लपवून भिंतीला टेकली. "नको पोरी. मला तू हवीस म्हणून तर मी लावत नाही. तुझ्या धन्याला काही झालं तर मी कुठं जाऊ? जा, सुखानं नांद." वेणू हलेना, बयजा हात पुढं करेना, वरात खोळंबली.

तेव्हा राणी गर्दीतून पुढं आली आणि ओटीवर चढली. म्हणाली, "बयजा, आधी मला लाव."

"राणीसरकार, महाराज लढाईवर आहेत!"

"म्हणूनच म्हणते. माझ्याइतकी भीती इथं कुणाला नाही. मी रोज सकाळी कुंकू लावताना भिते. साऱ्या नगराचं कुंकू मी नेलं, तेव्हा काही झालं नाही. तुझ्या बोटानं काय होणार आहे? आणि व्हायचंच असेल तर माझं होऊ दे. लाव."

बयजानं बोट बुडवलं. पण हात वर उचलेना. राणीनं तिचं मनगट धरलं आणि कपाळाशी नेलं. वाजंत्री थांबली होती. सारी आळी बघत होती. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, धरणी दुभंगली नाही. राणी वाकून नमस्कार करून बाजूला झाली. मग वेणू पुढं झाली. तिला लावलं. मग एकीनं पुढं पाऊल टाकलं, मग दुसरीनं टाकलं. सगळ्यात शेवटी अनशी आली. ती वर बघेना. बयजानंच तिची हनुवटी उचलली आणि लावलं.

मग बयजा पदराला बोट पुसायला लागली, तर वेणूनं हात धरला. "पुसू नको काकू." आणि द्रोणात राहिलेलं कुंकू घेऊन तिनं बयजाच्या कपाळाला लावलं. बयजा म्हणाली, "अगं, मला कशाला?"

वेणू म्हणाली, "तू एकटी राहिलेली मला चालायची नाही, म्हणून." मग तिच्या पाया पडली, म्हणाली, "येते हं काकू," आणि पालखीत बसली.

पुढं वेणू सुखानं नांदली. राजा लढाई जिंकून घरी आला, तर राणी घरी नव्हती. विचारत विचारत निघाला, तर ती बयजाच्या ओटीवर तांदूळ निवडत बसलेली.

तांबडाई, तू बयजाला भेटलीस, तशी जिला कुणी बोलवत नाही तिला भेट. तिची ओटी भरली, तशी ऐकणारीची, सांगणारीची आणि आज न बोलावलेलीची भरू दे. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, देवीच्या पायाशी ठेवली, सुफळ झाली, पुरी झाली. आता उठा, आणि कुंकू लावायला सुरुवात दाराशी बसलेल्या त्या काकूंपासून करा.